सरकारच्या आधी

अण्णांनी एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तो पुढे पोचवला नाही. गेल्या जूनमधली गोष्ट. नेब्रास्कातल्या बिॲट्रिस गावाजवळच्या होमस्टेड उद्यानात, संग्रहालयाच्या काउंटरपाशी आम्ही उभे होतो. समोर करड्या शर्टातला, रुंद काठाची टोपी घातलेला तरुण रेंजर. अण्णांच्या हातात घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद होता. तो त्यांनी काउंटरवर उलगडला, तळव्याने सपाट केला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्याला इचार, हितं सरकार लिवलंय. सरकारच्या आधी कुणाचं नाव होतं?" रेंजर हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत थांबला. आणि मी त्याला म्हटलं, माझे वडील म्हणतायत की संग्रहालय फार छान ठेवलंय. तो खूश झाला. त्याने अण्णांचे आभार मानले. अण्णांना इंग्रजी बोलता येत नाही, पण जुन्या इंग्रजी नोंदी वाचून वाचून थोडंफार कळतं. उत्तर लांबीला कमी पडलं हे त्यांना कळलंच. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि "बरं" म्हणून पुढे गेले.

ते "बरं" माझ्या कानातून जात नाही.

अण्णा तलाठी होते. माण तालुक्यात चौतीस वर्षं. गावोगावचे लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि आमच्या घराच्या ओसरीवर सकाळी सातपासून माणसं बसलेली असत. कुणाला वारसाची नोंद घालायची, कुणाला बोजा कमी करायचा, कुणाला नुसता उतारा हवा. जमिनीकडे बघायची त्यांची एक नजर आहे, ती रिटायर होऊनही गेली नाही. इथे लिंकन शहरात आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सामान गाडीतून उतरवायच्या आत घराभोवती एक फेरी मारून आले आणि आईला म्हणाले, "सात गुंठं भरंल." मी नंतर कागद काढून बघितला. सात गुंठ्यांना थोडा कमी. त्यामुळे इथे जवळपास त्यांना दाखवण्यासारखं काय आहे याचा विचार करताना हे उद्यान सुचलं. आमच्या घरापासून दक्षिणेला तासाभराच्या आत. निघायच्या आदल्या रात्री मी सरकारी जमीन-दप्तराच्या वेबसाइटवरून डॅनिएल फ्रीमनच्या, म्हणजे उद्यानाची ही जमीन सरकारने ज्याला दिली त्या शेतकऱ्याच्या, हक्कपत्राची प्रत छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग शर्टाच्या खिशात ठेवली. जेवतानाही ती खिशातच होती.

उद्यानातली पहिली गंमत त्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या भेटली. तिथला वाहनतळ बरोबर एक एकराचा आहे. मुद्दाम तेवढा केलाय, एकर म्हणजे केवढा हे शहरातल्या माणसाला डोळ्यांनी कळावं म्हणून. मी पाटी वाचून दाखवली. अण्णा कडेकडेने चालायला लागले, हात मागे बांधून, ओठांत पावलं मोजत. उन्हाने डांबर तापलं होतं, आई गाडीच्या सावलीला उभी. परत येऊन म्हणाले, "चाळीस गुंठं. बरोबर हाय." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की जणू कुणा ओळखीच्या माणसाची खुशाली कळली. आणि ओळखीचं होतंच. तेहतीस फुटांची साखळी चारी बाजूंनी टाकली की आपला गुंठा होतो. इंग्रजांची मूळ साखळी सहासष्ट फुटांची, आपली त्याच्या निम्मी. त्याच सहासष्ट फुटांच्या साखळीने अमेरिकेतल्या सर्वेअरांनी मैलामैलाचे चौकोन पाडत हे सगळं माळरान मोजत नेलं. एक चौरस मैल म्हणजे सहाशे चाळीस एकर, त्याचा पाव हिस्सा एकशे साठ. त्या पाव हिश्श्याची एक बाजू आपल्या साखळीने बरोबर ऐंशी साखळ्या भरते. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे गुंठे. हे गणित अण्णांनी कागद-पेन्सिलीशिवाय, संग्रहालयाचं दार उघडता उघडता केलं. माणमधल्या आमच्या कोरडवाहू रानाला आणि नेब्रास्कातल्या या मक्याच्या मुलखाला एकाच मापाची साखळी लागली होती, हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं.

ते एकशे साठ एकर हाच होमस्टेड कायद्याचा गाभा. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकनने सही केली, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. वय एकवीस पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणीही एकशे साठ एकर मागावेत, घर बांधावं, जमीन कसावी, पाच वर्षं तिथे राहून दाखवावं, मग ती त्याच्या नावावर. सगळी मिळून फी अठरा डॉलर. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं, एवढी अट. बाईलाही मागता येई, विधवेला, अविवाहितेला. पुढे गुलामीतून सुटलेल्यांनाही. नागरिक नसलेल्या परदेशी माणसाने नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला तरी पुरत होतं. हे फ्रीमन महाशय यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजेतले. सुटीवर आलेले, लगेच परत रुजू व्हायचं होतं, म्हणून त्यांनी ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीतल्या कारकुनाला गळ घालून एकतीस डिसेंबरची मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली आणि अर्ज दिला, अशी गोष्ट सांगतात. हे ऐकून अण्णा थांबले. "रात्री बाराला दप्तर उघडलं?" त्यांनी दोनदा विचारलं. पुढची पाटी वाचण्याआधी बराच वेळ ते त्या कारकुनाच्याच विचारात होते, असं मला वाटतं.

पाच वर्षं झाली की दोन साक्षीदार आणायचे. शेजारीपाजारीच. हा माणूस इथे राहतो, इतकी जमीन नांगराखाली आणली, इतकी झाडं लावली, घराला दार-खिडकी अशी अशी आहे, असं त्यांनी शपथेवर सांगायचं. पुढे पुढे तर आधी वर्तमानपत्रात नोटीसही द्यावी लागे. अण्णांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. "पंचनामा आन् जाहीर प्रकटन," ते म्हणाले. अशी सोळा लाख हक्कपत्रं दिली गेली. तीस राज्यांत मिळून सत्तावीस कोटी एकर, म्हणजे साडेतीन महाराष्ट्र. बाहेरच्या वाटेवर या तीसही राज्यांच्या आकाराचे पत्रे उभे केलेत आणि ज्या राज्यातली जितकी जमीन अशी वाटली गेली तितका चौकोन प्रत्येकातून कापलाय. त्या भोकांतून मागचं गवत दिसतं. नेब्रास्काचं भोक फार मोठं आहे. आई त्याच्यातून पलीकडे बघत म्हणाली, "एवढी मोकळी होती?"

आईचं मन मात्र रमलं ते लाकडी खोपीत. १८६७ सालची पामर कुटुंबाची केबिन, चौदा फूट बाय सोळा फूट, तीत आईबाप आणि दहा मुलं वाढलेली. आत थंड काळोख, जुन्या लाकडाचा कोरडा वास, भिंतीला ओंडक्यांच्या मधल्या फटींत चुन्याचा गिलावा. आईने तिथल्या लोखंडी शेगडीवर हात ठेवला, मग तिच्याभोवती जागा किती उरते ते नजरेने मापलं. तिचं माहेर म्हासुर्ण्याच्या बाजूचं, माळवदाचं घर, चौदा माणसांचं. तिला एकच प्रश्न पडला होता, की बाळंतीण कुठे निजत असेल. आणि सरपण? मी वाचलेलं सांगितलं: आत माळावर झाडच नाही, तिथे लोक गवताचे पीळ करून जाळायचे, नाहीतर रानगव्यांचं आणि गुरांचं वाळलेलं शेण गोळा करून आणायचे, पदराच्या ओच्यात भरून. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे रानशेण्या," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आम्ही पण जायचो. कोण आधी बघंल त्याची शेणी." अमेरिकेत येऊन सहा आठवडे झाले होते. इथल्या बाईबद्दल ती इतकी मोकळेपणाने, बरोबरीने बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. फ्रीमनच्या बायकोची, ॲग्नेसची हकिकतही तिने पूर्ण ऐकून घेतली. तिचं लग्न आधी डॅनिएलच्या भावाशी ठरलं होतं, तो युद्धात गेला, मग डॅनिएलने पत्रं लिहून तिला मागणी घातली आणि ती इकडे आली. दोघांच्याही कबरी त्याच जमिनीत आहेत. तो १९०८ साली गेला, ती १९३१ साली. आई म्हणाली, "तेवीस वर्षं एकटीनं बघितलं म्हणजे."

मग आम्ही गवतात शिरलो. हे गवत मला शब्दांत धरता येत नाही. जूनमध्ये ते मांडीला लागेल इतकं असतं, हिरवं, पण प्रत्येक पातं वेगळ्या हिरव्याचं. वारा आला की सगळं रान एका बाजूला कलतं आणि खालून फिकट रंग वर येतो, जशी मांजराच्या पाठीवरची लव उलटी फिरवावी. ओढ्याकाठच्या कॉटनवुडचा कापूस हवेत तरंगत होता, आपल्या सावरीच्या कापसासारखा, आईच्या केसांत अडकत होता. वाट तीनेक मैलांची. मधून कब क्रीकचं गढूळ पाणी, काठाला जुने ओक, कडेला काटेरी ऑसेज ऑरेंजचं कुंपण. हे सगळं माळरान फ्रीमनने आणि त्याच्यासारख्यांनी नांगरून काढलं होतं. त्या गवताची मुळं पुरुषभर नाही, त्याहून खोल जातात. जमीन फोडायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागत. उद्यान झालं १९३६ साली, आणि १९३९ पासून त्यांनी तिथे उलट काम सुरू केलं. नांगरलेल्या शेतात पुन्हा गवत पेरलं. आज शंभर एकर आहे. मधूनमधून ठरवून त्याला आग लावतात, कारण आगीशिवाय हे गवत टिकत नाही, झुडपं चढतात. अण्णा वाकून एका ठोंबाच्या बुडाशी बोटं घालून बघत होते. "कुसळीसारखं नाही," ते म्हणाले, "पवन्यासारखं हाय. जनावर खाईल." आणि मग, थोड्या वेळाने: "कुणाची जनावरं खात असतील हितं आधी?"

काउंटरवरचा प्रश्न त्यानंतर अर्ध्या तासाने आला. म्हणजे तो अचानक आलेला नव्हता. गवतातून चालतानाच तो त्यांच्या मनात तयार होत होता.

सातबारा ज्यांनी नुसता कर्जासाठी बँकेत दिलाय त्यांना कदाचित जाणवत नसेल, पण तो कागद विसरत नाही. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. खाली नवं नाव, शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. तो नंबर धरून फेरफार वही काढली की कधी, कशाने, कुणाच्या जबाबावरून, सगळं सापडतं. लहानपणी अण्णांच्या शेजारी बसून मी हे हजार वेळा बघितलंय. नवा कोतवाल होता, त्याने एकदा जुन्या नावावर जाड रेघ मारली, अक्षर दिसेनासं झालं. अण्णा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "कंस करायचा. गाडायचं न्हाई. वाचता आलं पाहिजे." आमच्या स्वतःच्या चार एकरांच्या उताऱ्यावरही कंसात एक नाव आहे. माझे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, कूळकायद्याच्या बत्तीस-ग कलमाखाली ठरलेली किंमत भरून, ती जमीन आमची झाली. कंसातलं नाव वाड्यातल्या मालकांचं. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला मिळाली यात आजोबांना कधी रतिभर संकोच नव्हता, आणि मलाही नाही. पण आजी दर सुगीला पायलीभर शाळू पदराखाली झाकून वाड्यावर नेऊन द्यायची. मालक जाईपर्यंत. का द्यायची हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि आजोबांनी विचारलं नाही.

तर अण्णांनी हक्कपत्र वाचलं ते याच सवयीने. वर मोठ्या अक्षरांत संयुक्त संस्थाने, म्हणजे सरकार. सरकार अमुक माणसाला अमुक जमीन देत आहे. अर्ज क्रमांक एक. तारीख १८६९ ची, राष्ट्राध्यक्ष ग्रांट यांच्या नावाने. चतुःसीमेच्या ऐवजी चौकोनांचे नंबर. देणारा आहे, घेणारा आहे, जमीन आहे, तारीख आहे. देणाऱ्याकडे ती कुठून आली, त्याचा नंबर नाही.

संग्रहालयाने ते लपवलेलं नाही, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. तिथल्या चित्रफितीत आदिवासी समाजातली माणसं स्वतः बोलतात आणि वाटलेल्या जमिनीचा दुसरा अर्थ सांगतात. भिंतींवरही आहे. पण अण्णांना भिंतीवरचं इंग्रजी झेपत नव्हतं, आणि चित्रफीत चालू असताना मी त्यांना कानात थोडंथोडं सांगत होते, तेही सोपं करून, गाळून. त्यांचा भरवसा कागदावर. आणि कागद सरकारपाशी येऊन थांबत होता.

परतीच्या वाटेवर, गाडीत, त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या सज्जातल्या एका गावाला दीडशे-पावणेदोनशे एकरांचा माळ होता. गायरान. उताऱ्यावर कब्जेदाराच्या जागी एकच शब्द, सरकार. दरवर्षी दिवाळीनंतर तिथे एक धनगरांचा वाडा उतरायचा. मेंढरं, घोडी, कुत्री, पालं. पावसाळा तोंडावर आला की हलायचा. किती वर्षं, तर त्यांच्या आज्याच्या आज्यापासून म्हणत. माळाच्या मधोमध त्यांनी रचलेला दगडांचा एक उंचवटा होता, त्यावर शेंदूर. पुढे त्या माळाचा काही भाग एका कामासाठी देण्याचं ठरलं. अण्णांना स्थळपाहणी करून अहवाल द्यायचा होता: जागेवर कुणाचा हक्क, वहिवाट, अतिक्रमण आहे काय. ते गेले तेव्हा श्रावण होता. माळ रिकामा, हिरवागार. वाडा केव्हाच हललेला. "जागेवर कुणी नव्हतं," अण्णा म्हणाले. "मी लिवलं, कुणी न्हाई." खिडकीबाहेर मका पळत होता, सरळ रांगांत, मैलोगणती. "दिवाळीनंतर ते आलं. म्हातारा हापिसात आला. काठी बाहेर ठेवली, खाली बसला. म्हणाला, भाऊसायेब, आमचं नाव कंच्या रकान्यात असतंय? मी उतारा काढून दाखवला त्याला. सगळं रकानं दाखवलं. इतर हक्कसुद्धा." मग अण्णा गप्प झाले. आई मागच्या सीटवर झोपली होती. मी काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी एसी थोडा कमी केला.

तेव्हा मला कळलं की काउंटरवर मी नेमकं काय केलं होतं. मी एका अभ्यासू पर्यटकाचा प्रश्न गाळला नव्हता.

मी असं का केलं, याची बरीच कारणं मी स्वतःला देऊन बघितली. मागे रांग होती. मुलगा तरुण होता, त्याला अवघडल्यासारखं झालं असतं. पण खरं कारण जुनं आहे. या देशात मी अकरा वर्षं आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. इथे मी फार नीट वागते. ज्याने कुणाला वाईट वाटेल असा प्रश्न मी सरकारी गणवेशातल्या माणसाला विचारत नाही. ही सवय इतकी आत गेलीय की दुसऱ्याचा प्रश्नही माझ्या तोंडातून येताना आपोआप गोड होतो. फ्रीमनच्या काळात आलेल्या नॉर्वेजियन, झेक, जर्मन माणसाला नागरिक व्हायचा इरादा जाहीर केला की जमीन मागता येत होती, हे वाचताना मला पोटात काहीतरी हललं होतं. इरादा तर मी कधीचा जाहीर केलाय. पण तेव्हा माझ्या वर्णाच्या माणसाला तोही जाहीर करता आला नसता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्या, स्वतंत्र माणसांसाठी होतं, १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की भारतीय माणूस त्यात बसत नाही. दार उघडलं ते १९४६ साली. म्हणजे त्या सत्तावीस कोटी एकरांपैकी जवळजवळ सगळे वाटून होईपर्यंत आमच्यासारख्यांना रांगेतही जागा नव्हती. हे सगळं मनात होतं आणि तरीही मी "छान ठेवलंय" म्हटलं. अण्णांना इथून काही नको होतं, व्हिसा सहा महिन्यांचा होता, त्यांनी विचारलं. मला काहीतरी हवं आहे, मी गप्प बसले.

फ्रीमनबद्दल मात्र माझ्या मनात कडवटपणा येत नाही, आणला तरी टिकत नाही. जवळच विटांची एकखोलीची शाळा आहे, १८७२ सालची, १९६७ पर्यंत भरत होती. बाकांवर नावं कोरलेली, फळ्याच्या काळ्या रंगाला गेलेले तडे. म्हातारपणी फ्रीमनने याच शाळेच्या मंडळावर फिर्याद केली, शिक्षिका वर्गात बायबल वाचते, प्रार्थना घेते म्हणून. सगळं गाव विरोधात असणार. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. सरकारने दिलेल्या जमिनीवर उभा राहून सरकारी शाळेला जाब विचारणारा माणूस. त्याच्याकडे जे होतं ते मला काउंटरवर हवं होतं.

अण्णा-आई ऑगस्टमध्ये परत गेले. सप्टेंबरात एक दिवस मी आमच्या काउंटीच्या नोंदणी कार्यालयात गेले आणि आमच्या सात गुंठ्यांची साखळी मागे मागे शोधत गेले. आमच्या आधी एक निवृत्त जोडपं, त्यांच्या आधी बिल्डर, त्याच्या आधी शेतकरी, बाप-मुलगा-आजोबा. सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात आधी, देणाऱ्याच्या रकान्यात: संयुक्त संस्थाने. मी ते पान बराच वेळ बघत बसले. माझ्या घराचाही कागद तिथेच थांबत होता.

ऑक्टोबरात मी एकटी पुन्हा बिॲट्रिसला गेले. कामाचा दिवस होता, एक एकराच्या तळावर चारच गाड्या. गवत ओळखू येत नव्हतं. माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, तांबूस, जांभळट, तुऱ्यांना कोंबड्याच्या पायासारखी तीन बोटं फुटलेली. आत शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त वर आभाळाची पट्टी, आणि सगळीकडून सुकलेल्या पात्यांची सळसळ, जशी खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या ओढताना होते. त्या सळसळीत मी प्रश्न इंग्रजीत दोनदा मोठ्याने म्हणून बघितला. मग आत गेले. जूनमधला मुलगा नव्हता. साठीच्या घरातल्या एक बाई होत्या, तीच टोपी काउंटरवर काढून ठेवलेली. मी म्हटलं, माझे वडील जमिनीच्या नोंदी ठेवायचं काम करत. जूनमध्ये त्यांनी एक प्रश्न विचारला होता, तो मी तुमच्यापर्यंत पोचवला नाही. या हक्कपत्रावर सरकारचं नाव आहे. सरकारच्या आधी कुणाचं होतं?

त्यांना अवघडल्यासारखं मुळीच झालं नाही. उलट त्या काउंटरच्या बाहेर आल्या. ओटो आणि मिसूरिया या आदिवासी जमातींचं, त्या म्हणाल्या. या राज्याचं नाव त्यांच्याच भाषेतलं, सपाट पाणी. पॉनी जमातीचे लोकही या बाजूला शिकारीला येत. मार्च १८५४ च्या तहाने ओटो-मिसूरियांनी इथली जमीन सोडली आणि त्यांच्यासाठी बिग ब्लू नदीवर दहा मैल रुंद, पंचवीस मैल लांब पट्टा राखून ठेवला. त्यांनी हाताने दक्षिणेकडे दाखवलं, खिडकीच्या दिशेने: इथून फार दूर नाही, याच काउंटीत त्याची सुरुवात. म्हणजे फ्रीमन इथे नांगर धरत होता तेव्हा ते शेजारीच राहत होते. मग त्या पट्ट्याचेही तुकडे पाडून विकले, आणि १८८१ मध्ये त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं. आज त्यांचं मुख्य ठाणं तिथे आहे, रेड रॉक नावाच्या गावी. मी विचारलं, तहाचा कागद आहे? आहे, त्या म्हणाल्या, अगदी आहे. फक्त या कागदाला जोडलेला नाही.

त्या रात्री अण्णांना फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले असतील. मागून आईच्या भांड्यांचा आणि कुणाच्या तरी मोटरसायकलचा आवाज येत होता. मी आधी जूनचं सांगितलं. की मी त्या मुलाला प्रश्न विचारलाच नव्हता. ते म्हणाले, "माहीत हाय." एवढंच. मग मी बाकीचं सांगितलं, तह, पट्टा, १८८१. त्यांनी मला थांबवलं, कागद शोधायला गेले. उघडझाप करणाऱ्या कपाटाचा आवाज ऐकू आला. तो कागद त्यांनी साताऱ्यापर्यंत नेला होता.

"आता कुठं राहत्यात म्हणालीस?"

"रेड रॉक. ओक्लाहोमा. इथून पाचेक तास गाडीने."

"म्हणजे सातारा ते नांदेड." ते जरा थांबले. "मग लांब न्हाई. पुढच्या खेपंला जाऊ."

"जाऊ."

"सांग आता नाव. सावकाश."

"ओटो," मी म्हटलं. "मग आडवी रेघ. मग मिसूरिया."

पेन कागदावर टेकल्याचं मला ऐकू आलं. कंस आधी काढला असणार, डावीकडचा. त्यांची पद्धत तीच आहे.

"मि ऱ्हस्व?"

"ऱ्हस्व."

"आन् सू?"

"सू दीर्घ, अण्णा."